पोट्ट्याला पोहायला शिकवायचंय, पण खरी भीती शेततळ्याची वाटते

आर्वीकडची

नमस्कार सगळ्यांना. आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीपासून दोन-अडीच किलोमीटरवर. मोठा नऊ वर्षांचा, लहानी साडेपाचची. दोन एकर संत्रा आहे, त्याच्यासाठी मागच्या वर्षी शेततळं केलं. 30 बाय 30 मीटर, तीन मीटर खोल, आतून 500 मायक्रॉनचं काळं प्लास्टिक. वावर घरापासून हाकेवर, त्यामुळं दप्तर फेकलं की दोघंही तिकडंच पळतात.

आता मुद्द्याचं. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आमचे हे बैल धुवायला नदीवर गेले, पोट्टा सोबत. ह्यांना वाटलं, तो काठावर बसला आहे. तो बैलाचं शेपूट धरून मधात गेला होता. बैल पोहत पलीकडं निघाला, हाही निघाला, आणि तिकडून हात हालवत उभा. मला हे कळलं आठ दिवसांनी, तेही त्यानं शाळेच्या निबंधात लिहिलं म्हणून. विषय 'माझा आवडता सण'. खाली लाल पेनानं 'छान' लिहिलेलं होतं.

तेव्हापासून घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, पट्टीचा पोहणाराच बुडतो, शिकवूच नका. 2021 च्या सप्टेंबरात वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धेत नाव उलटून 11 जण गेले, तेव्हापासून त्या नदीचं नाव काढू देत नाहीत. आमचे हे म्हणतात, "मलाही काकानं हिरीत ढकललं होतं, एक डाव ढकलून देतो, आपोआप हातपाय मारते." आणि मी मधात. मला स्वतःला पोहता येत नाही. माहेर नदीकाठचं, दहा वर्षं तिथं धुणं धुतलं, पण पाणी कधी गुडघ्याच्या वर चढू दिलं नाही. पोरींनी भिजायचं नसते, एवढंच सांगितलं होतं.

जिल्ह्याच्या गावाला पोहायचा टँक आहे म्हणतात, पण एसटीनं जाऊन येऊन अख्खा दिवस जातो. आमच्या धुऱ्यावर पायऱ्यांची जुनी विहीर आहे, उन्हाळ्यातही कंबरेच्या वर पाणी राहते. तिथं शिकवता येईल का? कोणत्या वयापासून? लहानीलाही सोबतच घ्यावं का? आणि पोहता आलं म्हणजे शेततळ्याची चिंता मिटली, असं समजायचं का?

दारव्ह्याचे जुने मास्तर

ताई, आधी तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. ढकलू नका. आमच्या मोठ्या भावाला असंच ढकललं होतं. चार हात मारून तो वर आला खरा, पण नंतर उभ्या आयुष्यात पाण्यात उतरला नाही. आज सत्तरीचा आहे, अंघोळीलाही डोक्यावर तांब्या ओतत नाही, ओंजळीनं घेतो. ढकलल्यामुळं जे शिकले त्यांच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. जे शिकले नाहीत ते गप्प बसतात, म्हणून ती पद्धत चांगली वाटते.

मी विहिरीत माझी दोन, भावाची तीन आणि गल्लीतली कितीतरी पोरं शिकवली. पायऱ्यांची विहीर असेल तर उत्तमच. पण उतरण्याआधी एक काम. मोटारीचा नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. पाण्यात पडलेली केबल कुठं खरचटलेली असते ते वरून दिसत नाही, आणि लाइन कधी येईल याचा आपल्याकडं काय भरवसा. फ्यूज खिशात असले की कोणी शहाणा येऊन मोटार चालू करू शकत नाही. फुटव्हॉल्व्हचा पाइप कुठून जातो, कपार कुठं बाहेर आली आहे, हे मोठ्या माणसानं आधी स्वतः उतरून पायानं चाचपून पाहायचं. आणि वर्षानुवर्षं उपसलेली नाही, झाकून पडली आहे, अशा विहिरीत कोणीच उतरायचं नाही. तिथं खराब हवा साचते, धडधाकट माणूस पायऱ्यांवरच बसून जातो.

पहिले तीन दिवस पोहणं नाहीच. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसवायचं, तांब्यानं डोक्यावर पाणी घालायचं, आणि तोंड पुसू द्यायचं नाही. पोरं पाण्याला भीत नाहीत, नाकातोंडावर पाणी आलं की भितात. मग तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे. मी पैज लावायचो, कोणाचे बुडबुडे जास्त वेळ चालतात. फुंकायची सवय लागली की नाकात पाणी जात नाही, हे त्याला न सांगताच कळते.

चौथ्या दिवसापासून उताणं पडणं. हेच सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी शिकवत नाही, सगळ्यांना सूर मारायची घाई. तुम्ही कंबरभर पाण्यात उभं राहायचं, एक हात त्याच्या मानेखाली, दुसरा पाठीखाली. कान पाण्यात गेले की पोरगा दचकतो, कारण आवाज एकदम बदलतो. तिथं थांबायचं. "पोट आभाळाला लाव" म्हणायचं. पोट खाली गेलं की बुड खाली जाते आणि बुड गेलं की सगळंच जाते. पाठीखालचा हात आधी काढायचा, मानेखालचा सगळ्यात शेवटी, आणि त्याला न सांगता काढायचा नाही. एकदा फसवलं की तो पुढचे आठ दिवस मान ताठ धरतो.

आमच्या वेळी पाठीला वाळलेला दुधी बांधायचे, तुंबा. आता तेलाची पाच लिटरची कॅन बांधतात. झाकण घट्ट लावून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. पण कॅन बांधायची कुठं, इथं लोक चुकतात. ती दोन खांद्यांच्या मधात पाहिजे. ढिली झाली आणि कंबरेवर सरकली, की बुड वर आणि तोंड खाली. माझ्या पुतण्याचं असं झालं होतं. वरून सगळ्यांना वाटलं, पोरगा मस्त पालथा पोहून राहिला. कमरेला नाडा बांधलेला होता आणि त्याचं टोक माझ्या हातात होतं, म्हणून खेचता आलं. तेव्हापासून कॅन असो की तुंबा, नाडा सुटला नाही. नाड्याचं टोक धरणारा माणूस दुसरं काहीच करत नाही. तंबाखू मळत नाही, फोन पाहत नाही.

वय म्हणाल तर सहाच्या पुढं ही अशी शिकवणी जमते. लहानीला पायरीवर बसू द्या, पाय मारू द्या. ओठ निळे पडले की बाहेर. आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की विहीर बंद.

रात्रपाळी

एवढा उपद्व्याप कशासाठी? पोहता आलं की पोट्टे उलट जास्त जातात पाण्यात. न येणारा काठावर थांबते, येणारा मधात जाते. सासूबाई बरोबर बोलतात. आणि पोरीला तर काय गरज आहे हिरीत उतरवायची.

आर्वीकडची

@रात्रपाळी, माझ्या पोट्ट्याला पोहता येत नव्हतं आणि तो वर्धेच्या मधात गेला, तेही भाद्रपदाच्या तोंडावर. न येणारा काठावर थांबते हे त्याला कोणी सांगितलं नसावं. आणि धुणं धुवायला, घागर बुडवायला आमच्याकडं पोरीच जातात हो.

गुरुजी, कॅनचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडं सगळे कंबरेलाच बांधतात.

बोडीवाला

ताई, मी भंडारा जिल्ह्यातला, ढिवराच्या घरचा. आमच्याकडं मामा तलाव हायेत, मालगुजाराच्या काळातले, आनि वावरावावरात बोड्या, म्हंजे लहान तळी. आमच्या पोट्ट्यायले पवनं कोनी शिकवलं हे कोनालेच आठवत नाई. बाप जाळं टाकते, पोट्टं काठानं खेळते, खेळता खेळता पवते. पन तुमच्या इकडं तसं नाई, म्हनून दोन-चार गोष्टी सांगतो.

तलावात कोनत्या अंगानं उतरायचं हे पयले. पाळीकडून नाई. तिथं एक पाऊल गुडघ्याएवढं आनि दुसरं डोक्यावर. जिकडून पानी तलावात येते तिकडून उतरायचं, तिथं जमीन हळूहळू खाली जाते. पानी सोडायच्या तुडुमाजवळ तर मोठा मानूसबी जात नाई. चालू असलं का खेचते, आनि वरून पानी कसं शांत दिसते.

शिंगाड्याचे वेल पायाले गुंडाळले तर झटके द्यायचे नाई. जेवढे झटके तेवढी गाठ. उतानं व्हायचं, पाय ढिला सोडायचा, आनि पायमोजा काढतो तसं हातानं खाली सरकवायचं. गाळात पाय रुतला तरी तेच. उभं राहून उपसाल तर दुसरा रुतते. आडवं व्हायचं.

गोसीखुर्दच्या फुगवट्यात तर जुनी झाडं, तारेचं कंपाउंड, हिरी, सगळं पान्याखाली हाय. ओळखीची जागा असली तरी आम्ही तिथं उडी मारत नाई. पानी वाढते-उतरते, कालचा खोल आज उथळ असते.

आनि एक. कोनी बुडत असला तर समोरून जायचं नाई. तो जीव वाचवासाठी तुमच्या मानेवर चढते, त्याची चूक नसते. आमच्या घरी एकच कायदा होता, बांबू पयले, हात मागून. डोंगा ढकलायचा बांबू पुढं करायचा. बांबू नाई तर लुगडं फेका, दोर फेका, रिकामी कॅन फेका. दोघं मित्र एकसाथ जातात ना, ते पयल्याच्या मागं दुसरा उडी मारते म्हनून. तुमच्या पोट्ट्याले पवनं नंतर शिकवा, हे आज शिकवा. हे शिकाले पानी लागत नाई.

उपकेंद्रातली सिस्टर

वरच्या भाऊंनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. मी उपकेंद्रात काम करते, बाहेर काढल्यानंतरचं सांगते.

बुडणारं मूल ओरडत नाही. लोकांना वाटतं, हाका मारेल, हात हालवेल. त्याचं तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हाक कुठून मारणार. हात बाजूला पसरून पाणी दाबत राहते, डोकं मागं पडलेलं, आणि हे सगळं अर्ध्या-एक मिनिटात संपते. म्हणून मी बायांना सांगते, पाण्यातल्या पोराचा आवाज बंद झाला की आधी पाहा.

आमच्याकडं एकदा एक मूल मोटरसायकलवर आणलं. मागच्या माणसानं त्याला मांडीवर पालथं टाकून डोकं खाली लोंबकळत ठेवलं होतं, पोटातलं पाणी निघावं म्हणून. त्याआधी गावात पाय धरून गरगरा फिरवलंही होतं. सगळ्यांनी जीव तोडूनच केलं, पण त्या वेळात एकानंही त्याला श्वास दिला नाही. पोट दाबून, उलटं टांगून फुप्फुसातलं पाणी निघत नाही. वेळ जातो, आणि पोटातलं वर येऊन श्वासनळीत जायची भीती असते ती वेगळीच.

करायचं ते असं. सपाट जमिनीवर उताणं ठेवा. हलवून, हाक मारून पाहा. श्वास नसेल तर मान हलकेच मागं, हनुवटी वर, नाक चिमटीत धरा आणि तोंडाला तोंड लावून फुंका. छाती वर आलेली दिसली पाहिजे. बुडालेल्या माणसाला आधी श्वासच द्यायचा. काही ठिकाणी सुरुवातीला पाच शिकवतात, काही ठिकाणी दोन. आकड्यावरून वाद घालू नका, द्या. मग छातीच्या मधोमध 30 दाब, दोन श्वास, पुन्हा 30. मुलाची छाती साधारण एक तृतीयांश खाली गेली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 दाब. दुसऱ्यानं तोवर 108 लावायचा. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर ठेवून हात चालू ठेवा. तोंडातून फेस आला तर पुसत बसू नका, श्वास देत राहा. आणि मूल शुद्धीवर आलं, चहा-बिस्किट मागायला लागलं, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

ताई, तुमची लहानी साडेपाचची, पण गल्लीत रांगती पोरं असतीलच. जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा अंदाज आहे, वर्षाला जगात तीन लाख माणसं बुडून जातात, आणि चारातलं जवळपास एक मूल पाच वर्षांच्या आतलं. ती काही पोहायला गेलेली नसतात. गुराचं टाकं, न्हाणीतली बादली, बांधकामासाठी भरून ठेवलेला ड्रम. आमच्या भागात मी दर घरी टाक्यावर झाकण आहे का ते पाहते. लोक म्हणतात, सिस्टर लसीचं सोडून टाकंच पाहून राहिल्या.

हो, आणि ज्याला मिरगी येते त्या मुलाला कितीही चांगलं पोहता येत असो, हाताच्या अंतरावर मोठं माणूस नसताना पाण्यात सोडू नका.

आर्वीकडची

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मधात बागेला पाणी देणं, नातेवाइकांत दोन लग्नं, आणि एक प्रयोग.

विहिरीत सुरुवात केली. गुरुजींनी सांगितलं तसं, फ्यूज ह्यांच्या खिशात. पहिल्या दिवशी खिशासकट तेही पाण्यात उतरले, ते सोडा. पोट्टा बुडबुड्यांत पटाईत निघाला, उताणं पडायला मात्र तयार नाही. त्याला सूर मारायचाय.

पण माझ्या डोक्यातून शेततळं जात नव्हतं. म्हटलं, पोहता आलं तरी तिथून निघता येते का, हे पाहावं तरी. मे महिना, पाणी उपसून मांडीएवढं राहिलेलं. मी जुना गाऊन आणि खाली ह्यांची पँट घालून तयार झाले, कमरेला नाडा. वर हे, नाड्याचा एक वेढा लोखंडी खांबाला. पोट्टा आणि लहानी जाळीच्या बाहेर बसलेली.

उतरताना काहीच वाटलं नाही. बसून घसरत गेले, घसरगुंडीसारखी. कोरडं प्लास्टिक तापलेलं, पाय पोळले तेवढंच. खाली पोचले, वळले आणि चढायला लागले. पाण्याच्या वरचा हातभर पट्टा, जिथं पाणी आठ-दहा दिवसांपूर्वीपर्यंत होतं, तिथं शेवाळ. आंब्याच्या चोखलेल्या कोयीसारखं बुळबुळीत. एक पाय टेकला, दुसरा उचलला की पहिला खाली. गुडघे टेकले, तेही खाली. नखं रोवून पाहिली, प्लास्टिकला नख धरत नाही. पालथी पडून कोपरानं चढायला गेले तर गाऊन गोळा होऊन पायात अडकला. पहिल्या डावाला पोट्टा हसला. दुसऱ्याला लहानीही हसली. तिसऱ्या डावाला मी पाण्यात बसकण मारली, हनुवटीपर्यंत पाणी आलं, आणि तेव्हा कोणीच हसलं नाही. मी धडधाकट बाई, चाळीस किलोचं संत्र्याचं पोतं उचलते. पाणी मांडीएवढं, भर दुपार, वर नवरा उभा. तरी मला माझ्याच तळ्यातून निघता आलं नाही. ह्यांनी ओढून काढलं.

वर येऊन बसले तर पोट्टा हळूच विचारतो, "आई, बैल असता तर?"

तेव्हा ह्यांनी त्याला ते सांगितलं, जे मलाही सांगितलं नव्हतं. हिवाळ्यात शेजारच्या तळ्यात रोही पडलं होतं. एवढं ताकदीचं जनावर, सकाळी मेलेलं सापडलं, आणि चारही बाजूंच्या प्लास्टिकवर खुरांचे ओरखडे. म्हणजे ते रात्रभर तळ्याभोवती फिरत निघायची जागा शोधत होतं.

तर आता माझा प्रश्न बदलला. पोहणं शिकून राहिलो, शिकू. पण ह्या खड्ड्यातून निघायची सोय कशी करायची, ते कोणी केलं आहे का?

मोर्शीवाला

वहिनी, केलं आहे. माझंही संत्र्याचंच तळं, 2017 पासून.

एका जागी शिडी ठेवून उपयोग नाही, पडणारा शिडी पाहून पडत नाही. चारही बाजूंनी दोर पाहिजे. बोटाएवढा जाड नायलॉनचा दोर, हात-हातभर अंतरावर गाठी. वरचं टोक बांधाच्या बाहेर ठोकलेल्या लोखंडी अँगलला. कुंपणाच्या खांबाला बांधू नका, तो ओल्या मातीत माणसाच्या वजनानं वाकतो. खालचं टोक तळापर्यंत गेलं पाहिजे, कारण पाणी उतरलं की दोर वरच लटकतो आणि हात पोचत नाही. टोकाला दगड बांधू नका, प्लास्टिक फाटते. पोत्यात रेती भरून बांधा. दोन बाजूंना मी ट्रॅक्टरचे जुने टायर एकाखाली एक बांधून सोडले आहेत, त्यात पाय बसतो. म्हातारं माणूस, बाई, पोरं, सगळे टायरनं चढतात. नुसत्या दोरानं जवान पोट्टाच चढते.

नायलॉन उन्हानं मरतो. पांढरा पडला, हाताला कुसं लागली, की बदला. मी दर दोन वर्षांनी बदलतो.

जाळी पाच फूट आणि दाराला कुलूप. किल्ली घरात. आमच्या गावात एकानं किल्ली दारालाच टांगून ठेवली आहे, पाहुण्यांची सोय म्हणून. आत एक फुगवलेली ट्यूब लांब दोर बांधून खुंटीला ठेवा. ती ट्यूब पोहायला न्यायची नाही म्हणून मी तिच्यावर लाल ऑइलपेंटनं 'जीव' लिहिलं आहे. हात लावायची कोणाची हिंमत होत नाही.

आता हे पोट्ट्याला नीट सांगा. पडला तर जिथं पडला तिथूनच चढायला पाहायचं नाही. तिथंच पोरं दमतात. उताणं व्हायचं, श्वास घ्यायचा, आणि प्लास्टिकला हात लावत काठाकाठानं सरकत दोरापर्यंत जायचं. म्हणजे मास्तरांचं उताणं पडणं इथं कामाला येते, सूर नाही. सूर मारणारा पोट्टा तळ्यात पाच मिनिटं जास्त टिकेल, तेवढंच.

आणि तुम्ही नदीच्या खालच्या अंगाला आहात म्हणून एक. आमच्या इथं सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी तुमच्याकडं येते. नदी उगम पावते तिकडं मुलताईला, बैतूल जिल्ह्यात. तिकडं झोडपून पडला की तुमच्या डोक्यावर ऊन असताना पात्र भरते. बैल धुवायला जायच्या आधी धरणाकडची खबर घेत जा. रेती उपसलेले खड्डे तर दर वर्षी जागा बदलतात, गेल्या वर्षीचा उतार यंदा उतार राहत नाही.

आर्वीकडची

चारही बाजूंना दोर झाले, एका बाजूला टायर. ट्यूबवर पोट्ट्यानं स्वतः 'जीव' लिहिलं, वेलांटी ऱ्हस्व काढली, तशीच ठेवली.

सात जूनला, पाऊस यायच्या आत, पोट्ट्याला कमरेला नाडा बांधून तळ्यात सोडलं, कपड्यांसकट, कारण पडेल तेव्हा कपड्यांसकटच पडेल. पाणी माझ्या छातीएवढं. मी टायरजवळ आत उभी, वर हे. तो आधी चढायलाच गेला. घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला. मी बोलले नाही, ओठ चावून उभी होते. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि उताणा झाला. पोट आभाळाला. मग खेकड्यासारखा काठाकाठानं सरकत दोरापर्यंत गेला, गाठ धरली आणि बाहेर. वर गेल्यावर म्हणाला, "सोप्पं आहे." मला पाच मिनिटं पाण्यातच बसून राहावंसं वाटलं.

लहानी विहिरीच्या शेवटच्या पायरीला धरून पाय मारते. मीही वीस आकडे म्हणेपर्यंत उताणी राहते आता, त्याच्या पुढं कान भरून येतात आणि घाबरते. गल्लीतल्या दोघी विचारून गेल्या, आम्हालाही येऊ द्या म्हणून. आम्ही दुपारी दोनला जातो, तेव्हा गडी माणसं जेवून झोपलेली असतात.

सासूबाई पहिले दोन दिवस आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी आपलं जुनं लुगडं खांद्यावर टाकून आल्या आणि काठावर बसल्या. म्हटलं, हे कशाला? तर म्हणे, "नऊवार आहे. तुमच्या नाड्यापेक्षा लांब."

गुरुजी, एक राहिलंच. कॅन खांद्यांच्या मधात बांधली तरी पोरांना काचते, काठ लागतो. तुमच्या त्या तुंब्याचं बी मिळेल का कुठं? इथं बाजारात सगळं भाजीच्या दुध्याचं बी आहे, बुटकं आणि पातळ सालीचं.

दारव्ह्याचे जुने मास्तर

आहे. आमच्या गोठ्याच्या छपरावर दर वर्षी चढते तो वेल. पत्ता खासगीत कळवा, पाकिटात टाकून पाठवतो. मृग लागला की लावून टाका, कुंपणावर चढवू नका, छपरावर चढवा, खाली गवत घाला. पहिली दोन-तीन फळं भाजीला तोडायची नाहीत, तीच जाड सालीची होतात. वेल सुकला, नख रुतेनासं झालं, आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तोडा. देठाजवळ भोक पाडू नका, आख्खाच वाळवा.

म्हणजे यंदा लावला तर पुढच्या उन्हाळ्याला हाती येईल. तोवर कॅनला जुन्या गोधडीचा तुकडा शिवून घ्या. आणि सासूबाईंना विचारा, तुंबा त्यांच्या माहेरी असेलच.

आर्वीकडची

विचारलं. होता म्हणे. त्यांना पोहताही येते. लग्नानंतर पाण्यात उतरल्या नाहीत, आणि कोणी विचारलंही नाही.

उद्या दुपारी दोनला नेते.